मटकी कच्ची चालते, मग घेवडा का नाही?

रविवारी पहाटे आमचा आठ-दहा जणांचा घोळका अजिंक्यताऱ्यावर चढतो. वर पोचलं की डबे उघडतात. चूल-शेगडीचा प्रश्नच नसतो, त्यामुळे गार खाता येईल तेच घरून आणायचं. थालीपिठाचा कंटाळा आला की मोड आलेल्या मटकीची कोशिंबीर येते. त्यात कांदा, काकडी, आटपाडीकडच्या डाळिंबाचे दाणे, कोथिंबीर आणि लिंबू. एकाच मोठ्या डब्यात कालवायची आणि सगळ्यांनी वाटून खायची.

मध्यंतरी गटातल्या एक वहिनी म्हणाल्या, "दर वेळी मटकीच कशाला? माहेरहून, कोरेगावहून वाघ्या घेवडा आलाय. भिजवते, मोड आणते, पुढच्या रविवारी तोच घालू."

मी जरा जास्तच जोरात "नको" म्हणालो. त्या रागावल्याच. "अहो भावजी, कडधान्य ते कडधान्य! मटकी कच्ची चालते, मग घेवड्यानं काय घोडं मारलंय?"

प्रश्न रास्त होता. अंगावर वाघासारखे पट्टे असलेला आणि भौगोलिक मानांकन मिळालेला हा आपला घेवडा राजम्याच्याच जातीचा, म्हणजे फॅसिओलस व्हल्गॅरिस. मूग आणि मटकी विग्ना या वेगळ्या प्रजातीतली. दिसायला सगळे दाणेच, पण राजम्याच्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन भरपूर असतं. हे एक प्रकारचं लेक्टिन. पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या असतात, त्यांतल्या ठरावीक साखळ्या निवडून लेक्टिन त्यांना चिकटतं. 'लेक्टिन' हे नावही 'निवडणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून १९५४ साली विल्यम बॉइड यांनी दिलं. रक्तात टाकलं तर हे प्रथिन तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतं. पोटात गेलं तर आतड्याच्या अस्तराला चिकटतं, आणि एक ते तीन तासांत मळमळ, जोरदार उलट्या, मग जुलाब. त्यासाठी चार-पाच कच्चे दाणेही पुरतात. माणूस बहुधा काही तासांत सावरतो, पण ते काही तास गडावर काढायची कल्पनाच करवत नाही.

या प्रथिनाला दुसरी बाजूही आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नोवेल यांना दिसलं की याच्या संपर्कात आलेल्या पांढऱ्या पेशी विभागायला लागतात. विभागणाऱ्या पेशीतच गुणसूत्रं नीट मोजता येतात. त्यामुळे रक्ताच्या थोड्याशा नमुन्यातून गुणसूत्रं तपासायचा मार्ग खुला झाला, आणि त्या कामात राजम्याचं हे प्रथिन आजही वापरतात.

वहिनींना हे सगळं ऐकायचं नव्हतं. त्यांचा पुढचा प्रश्न होता, "मोड आणले तरी?" मोड येताना लेक्टिन थोडंफार घटतं, पण भरवसा ठेवावा इतकं नाही. ते मोडतं खऱ्या उकळीत. त्याची ताकद मोजायचं एक एकक आहे. कच्च्या लाल राजम्यात ती २० हजार ते ७० हजार भरते, नीट शिजल्यावर २०० ते ४०० उरते. घात होतो तो अर्धवट शिजवण्यात. ८० अंशांपर्यंतच तापवलेला राजमा कच्च्याहूनही पाचपटीपर्यंत घातक ठरू शकतो. म्हणून रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकून द्यायचं आणि नव्या पाण्यात खळखळून उकळायचा. आपल्या कुकरात तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे आपल्या आज्यांना हे शास्त्र कळायची गरज कधी पडलीच नाही.

मोबाइलवर दिसणाऱ्या 'न शिजवता बीन सॅलड'च्या परदेशी कृतींत गोम इथेच असते. त्यांचे बीन्स बंद डब्यातले असतात. डबा सील केल्यावर कारखान्यात तो दाबाखाली साधारण १२० अंशांपर्यंत तापवतात, म्हणजे दाणा आधीच शिजलेला असतो. 'न शिजवता' हे फक्त घरच्या ओट्यापुरतं खरं. ती कृती वाचून कुणी वाण्याकडचा सुका राजमा भिजवून कालवला, तर फसगत ठरलेली. सोयाबीन आणि कडवे वालही कच्चे खायचे नाहीत, त्यांची कारणं वेगळी आहेत.

मग मूग-मटकी अगदी निर्धोक? लेक्टिनच्या बाबतीत चिंता नाही. मोडांचे फायदेही खरे आहेत. दाणा भिजला की आतली विकरं जागी होतात. पोटात वायू धरायला लावणाऱ्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा रोपाच्या वाढीसाठी खर्ची पडतात. लोह अडकवून ठेवणारं फायटिक आम्ल घटतं. सुक्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व तयार होतं, मुगाच्या १०० ग्रॅम मोडांत साधारण १३ मिलिग्रॅम. वर लिंबू पिळलं की कडधान्यातलं लोह शरीराला आणखी सोपं जातं. भिजवूनही दगडासारखे राहिलेले गणंग मात्र वेचून काढा, दात वाचतील. त्यांच्या सालीतून पाणीच आत जात नाही. सगळी बी एकाच पावसात उगवून एकाच उघडिपीत मरू नये म्हणून वनस्पतीनं ठेवलेली ही राखीव बी म्हणायची.

मोडांची खरी काळजी जंतूंची आहे. ओलं फडकं, ऊब आणि भिजलेला दाणा, म्हणजे मटकीला जे मानवतं तेच साल्मोनेला आणि ई. कोलायलाही मानवतं. अनुकूल स्थितीत जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. त्या हिशोबानं दहा तासांत एकाचे शंभर कोटींवर जातात, निदान कागदावर. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या साथीत सुमारे चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. तपासाचा माग शेवटी निघाला तो इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांचे मोड आणणाऱ्या एका शेतापर्यंत. जंतू बियांच्या बारीक भेगांत दडतात, नुसत्या धुण्यानं सगळे जात नाहीत. लिंबाच्या रसावरही विसंबू नये.

म्हणून मी मोडांवर उकळतं पाणी ओतून दोन-तीन मिनिटं ठेवतो आणि लगेच निथळतो. शुद्ध 'न शिजवता'वाले नाक मुरडतात, मुरडू देत. कुरकुरीतपणा फारसा जात नाही. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं जेवणार असतील, तर मोड सरळ वाफवून घ्यावेत.

मीठ आणि लिंबू वेगळं न्यायचं, कारण काकडीत ९५ टक्के पाणी असतं. मीठ लागलं की ते परासरणानं बाहेर येतं, आणि गडाच्या दरवाजापर्यंत पोचेतो कोशिंबिरीचं सार होतं. लिंबाच्या आम्लानं कोथिंबिरीच्या हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि ती मळकट दिसते.

घेवडा पुढच्या रविवारी आलाच. वहिनींनी तो रात्रभर भिजवून, पाणी बदलून, कुकरला लावला होता, मग निथळून, थंड करून आणला. वर फक्त कांदा, मीठ आणि लिंबू. मटकीपेक्षा त्याला लिंबू जास्त लागतं. अर्ध्या लिंबानं काम भागेना, दुसरं कापावं लागलं.