परदेश अभ्यासदौऱ्याचा अर्ज: कागद गणपतीत जमवा

वाणिज्य शाखेच्या मुलांसाठी दोन-तीन आठवड्यांचे परदेश अभ्यासदौरे निघतात. सकाळी एखादा कारखाना किंवा बंदर बघायचं, दुपारी तिथल्या विद्यापीठात तास, संध्याकाळी तिथल्याच लोकांच्या पंगतीला. आमच्या सिंधुदुर्गातली मुलंही आता जातात आणि त्यांचे अर्ज माझ्या टेबलावरून पुढे सरकतात. दौऱ्याचा फॉर्म अर्ध्या तासात भरून होतो. घोडं अडतं ते घरच्या कागदांवर. आपल्याकडे आई गावाला, वडील मुंबईत आणि मुलगा कुडाळला खोली घेऊन. मे महिन्यात जायचं असेल तर कागद गणपतीत जमवा. चाकरमानी घरी असतात, त्या पाच दिवसांत सगळ्या सह्या होतात.

पात्रतेचं फार नाही. कॉलेजात चालू वर्षाला नाव हवं, बहुतेक ठिकाणी वय 18 पूर्ण लागतं, आणि मुलाखतीत दोन वाक्यं इंग्रजीत नीट बोलता यावीत. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती यासाठी चालेल का, असं दर वर्षी कोणीतरी विचारतं. नाही चालत, ती परदेशातल्या पदव्युत्तर पदवी आणि पीएचडीसाठी आहे.

आधी नाव, मग पासपोर्ट

सावंत आडनाव दहावीच्या प्रमाणपत्रावर डब्ल्यूने आणि आधारवर व्हीने, हा आमच्याकडचा नेहमीचा घोळ. दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण धरा आणि आधार, पॅन, बँक खातं त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. त्यानंतरच पासपोर्टचा अर्ज. 36 पानी पासपोर्टची फी 1500 रुपये, तत्काळला वर 2000. अर्ज ऑनलाइन भरून वेळ घ्यायची आणि अस्सल कागद घेऊन केंद्रावर जायचं. सध्याचा पत्ता म्हणून जिथे खरोखर राहता तोच लिहा. पोलीस पडताळणीला गावच्या घरी आले आणि तुम्ही कुडाळच्या खोलीवर, की फाईल तिथेच अडकते. वय 18 च्या आत असेल तर आईवडील दोघांच्या सहीचं परिशिष्ट डी जोडावं लागतं.

व्हिसा

उदाहरण इटलीचं घेतो. तो शेंगेन देशांपैकी, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं अशा युरोपातल्या देशांपैकी एक. दौऱ्यात दोन-तीन देश असतील तर जिथे मुक्काम सर्वात जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज घेतात आणि निदान 15 दिवस आधी तो पोचलेला हवा. पण शेवटच्या पंधरवड्यावर विसंबू नका, कारण काही प्रकरणांत निर्णयाला 45 दिवसही लागतात. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर 3 महिने तरी चालू असावा, दोन पानं कोरी असावीत. 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे.

व्हिसाची फी प्रौढांना 90 युरो. शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि सोबतचे शिक्षक यांना मात्र ती माफ असते, हे बऱ्याच पालकांच्या गावीही नसतं. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क तेवढं भरावं लागतं. म्हणून कॉलेजच्या पत्रात ‘सहल’ हा शब्द नको. अभ्यासाचा विषय, तारखा, सोबत येणारे शिक्षक आणि परत येऊन कुठल्या सत्राला बसणार, एवढं त्यात स्पष्ट यायला हवं.

आता पैशाचे कागद. वडील नोकरीत असतील तर पगाराच्या पावत्या, आयकर विवरणपत्रं आणि खात्याचे सहा महिन्यांचे व्यवहार पुरेसे. खरी पंचाईत बागायतदाराच्या मुलाची. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे घरात विवरणपत्रच नसतं. खात्यात एप्रिल-मेमध्ये वाशीच्या दलालाचे पैसे येतात आणि पावसाळ्यात शिल्लक तळाला. व्हिसा अधिकाऱ्याला हे कोण सांगणार? तुम्हीच. सात-बारा, आंब्याच्या पट्ट्या (दलालाकडच्या विक्रीच्या पावत्या), तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि सीएचं पत्र एकत्र लावा, मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा, आणि सोबतच्या पत्रात दोन ओळी लिहा की आमचं वर्षाचं उत्पन्न दोन महिन्यांत येतं. व्हिसाच्या आदल्या आठवड्यात मामाकडून दोन लाख आणून खात्यात टाकू नका. ते लगेच डोळ्यावर येतं.

आयोजक प्रवास आणि मुक्काम एकत्र विकत असेल तर बिलात टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर लागतो. ज्याच्या पॅनवर तो जमा झाला, त्याने विवरणपत्र भरलं तरच ती रक्कम वळती होते. पैसे भरण्यापूर्वी हे घरी ठरवा. व्हिसा नाकारला गेला तर किती परत मिळणार, हेही लेखी घ्या. आमच्या एका मुलीचे पूर्ण पैसे एका आयोजकाकडे बुडाले, कारण ती अट फक्त फोनवर बोललेली होती.

‘का जायचंय’ हा परिच्छेद

दौऱ्याच्या फॉर्ममधल्या या परिच्छेदात निम्मी मुलं ‘जागतिक संधी’ वगैरे लिहितात. त्यापेक्षा घरचं लिहा. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी रस्त्याकडेला कुठलाही आंबा देवगड म्हणून खपतो. तिकडे इटलीत पार्मा भागातलं पार्मिजानो चीज निदान 12 महिने मुरवतात, मग तपासनीस हातोडीने ठोकून आवाज ऐकतो आणि उतरलं तरच चीजच्या गोल चाकावर डाग देऊन शिक्का मारतात. ही राखण कोण करतं, तिचा खर्च कोण सोसतं, ते बघायला जायचंय, असं एका मुलाने लिहिलं होतं. मुलाखतीत त्याला त्याच एका मुद्द्यावर विचारत राहिले.

शेवटी व्हिसासाठी द्यायचे बोटांचे ठसे. त्यासाठी व्हिसा केंद्रावर स्वतः जावं लागतं, आमची मुलं मुंबईला जातात. रात्रीची कोकणकन्या पकडली की सकाळी तिथे. एकदा दिलेले ठसे शेंगेनसाठी 59 महिने चालतात. मात्र तारीख फेब्रुवारी-मार्चची असेल तर त्याआधी निदान पंधरा दिवस ओले काजूगर काढायला बसू नका. चिकाने बोटांची सालं जातात आणि मशीनवर ठसा उमटत नाही. एक मुलगा असाच हात हलवत परत आला आणि नवी तारीख मिळेपर्यंत त्याच्या आईने काजूला हात लावू दिला नाही.