टेंडन तुटलं की नर्व्ह? हाताच्या जखमेतला नेहमीचा घोळ

काच किंवा सुरी मनगटावर लागते, रक्त थांबतं, टाके पडतात आणि मग लक्षात येतं की हात पूर्वीसारखा चालत नाही. आत काहीतरी तुटलंय, पण काय? बोट ओढणारं टेंडन, म्हणजे कंडरा, की स्नायूंना हुकूम देणारी आणि स्पर्शाची खबर आणणारी नर्व्ह? मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून बोटं व अंगठा वाकवणारी नऊ टेंडन आणि मीडियन नर्व्ह एकमेकांना खेटून जातात. त्यामुळे एकाच घावात दोन्ही सापडतात, आणि पैकी एकच जोडून दुसरं राहून गेल्याचेही प्रकार होतात.

पहिला घोळ इथेच. बोटं वाकवणारे मोठे स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या नर्व्हच्या शाखा मनगटाच्या बऱ्याच वर सुटलेल्या असतात. म्हणून मनगटाशी नर्व्ह पूर्ण कापली गेली तरी बोटं वाकतात! रुग्ण मूठ वळून दाखवतो, बघणारे निश्चिंत होतात. गेलेलं असतं ते वेगळंच. मीडियन नर्व्ह तुटली असेल तर अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होतं, अंगठा बाकीच्या बोटांसमोर नीट येत नाही. करंगळीच्या बाजूची अल्नर नर्व्ह असेल तर करंगळी बधिर होते आणि बोटं एकमेकांपासून फाकवता येत नाहीत. उलट फक्त टेंडन तुटलं असेल तर स्पर्श शाबूत असतो, पण बोट वाकत नाही.

पण बोट वाकणं नेहमी पूर्णच थांबतं असंही नाही. अंगठा सोडला तर प्रत्येक बोटाला वाकवणारी दोन टेंडन असतात, एक मधल्या पेरापर्यंत पोचणारं आणि दुसरं टोकाच्या पेरापर्यंत. दुसरं एकटंच तुटलं तर मूठ जवळजवळ वळते, टोकाचा सांधा तेवढा सरळ राहतो. म्हणून प्रत्येक सांधा वेगळा धरून तपासावा लागतो. सगळ्यांत फसवं असतं ते अर्धवट कापलेलं टेंडन. बोट हलतं, जोर लावला की दुखतं, आणि काही दिवसांनी उरलेले धागेही तुटू शकतात.

दोन्हींतला फरक ओळखायची एक परीक्षा मला फार आवडते, कारण तिला यंत्र लागत नाही. सैल सोडलेल्या हाताचं मनगट मागे झुकवलं की बोटं आपोआप मिटतात, पुढे झुकवलं की उघडतात. यात नर्व्हचा काही संबंध नाही, सगळा टेंडनच्या ताणाचा खेळ आहे. टेंडन तुटलेलं बोट या हालचालीत सामील होत नाही, ताठच राहतं. नर्व्ह गेलेल्या हातात मात्र बोटं नेहमीसारखी मिटतात. बेशुद्ध रुग्णाला किंवा रडणाऱ्या लहान मुलाला ‘बोट वाकव’ म्हणून उपयोग नसतो, तिथे हीच कामाला येते. मुलांमध्ये नर्व्हसाठी आणखी एक खूण आहे. बधिर झालेल्या भागाला घाम येत नाही, आणि हात बराच वेळ पाण्यात ठेवला तरी तिथली कातडी सुरकुतत नाही.

जखम नसतानाही हा घोळ होतो. संधिवाताच्या, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णाची बोटं एके दिवशी उचलली जाईनाशी होतात. मनगटाच्या हाडावर घासून टेंडन तुटलेलं असू शकतं, किंवा कोपरातल्या सुजेखाली नर्व्ह दबलेली असू शकते. इथेही वरचीच परीक्षा, फक्त उलट बाजूने. मनगट पुढे झुकवल्यावर बोटं सरळ झाली तर टेंडन जागेवर आहे आणि संशय नर्व्हवर जातो.

शस्त्रक्रिया दोन्हींची टाक्यांनीच होते, पण कसब वेगळं. टेंडन जोडताना ताकद हवी, म्हणून जाडसर धाग्याचे निदान चार पदर आरपार घेतले जातात. नर्व्ह सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने, तिच्या आवरणापुरती शिवली जाते, आणि शिवणीवर ताण अजिबात चालत नाही. दोन टोकांत अंतर पडलं तर सहसा पोटरीतली एक संवेदनेची नर्व्ह काढून मध्ये लावतात. त्याची किंमत म्हणजे पावलाच्या बाहेरच्या कडेला थोडा बधिरपणा. धारदार जखमेत दोन्ही कामं पहिल्या काही दिवसांत झालेली उत्तम. टेंडनला महिना उलटू दिला तर स्नायू आखडतो, टोकं मागे सरकतात आणि साधी जोडणी बहुधा शक्य राहत नाही. तळहाताच्या पुढच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतचा भाग सर्वांत अवघड, कारण दोन्ही टेंडन तिथे एकाच चिंचोळ्या नळीतून सरकतात आणि नळीला चिकटून बसतात. अमेरिकन सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी त्याला ‘नो मॅन्स लँड’ म्हटलं होतं. तिथे लगेच टाके घालूच नयेत, असं कित्येक वर्षं मानलं जाई.

खरी तफावत दिसते ती ऑपरेशननंतर. टेंडनच्या बाबतीत घाई आणि संयम एकाच वेळी लागतात. चिकटू नये म्हणून स्प्लिंटच्या, म्हणजे हाताला आधार देणाऱ्या साच्याच्या आत, थेरपिस्टच्या देखरेखीखाली, पहिल्या आठवड्यातच हलक्या हालचाली सुरू होतात. पण जोराच्या कामाला साधारण 12 आठवडे बंदी असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हात बरा वाटतो, माणूस भरलेली बादली उचलतो आणि जोडलेलं टेंडन पुन्हा तुटतं. अशी दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा फार कठीण असते.

नर्व्हला असं काही घाईने करून घेता येत नाही. जोडणीखालचा भाग आधी झिजून जातो, मग नवे तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वेगाने खाली उतरतात. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत म्हणजे सहा महिने सहज. कोपरापाशी अल्नर नर्व्ह तुटली असेल तर पंजातल्या छोट्या स्नायूंपर्यंत पोचायला वर्षभर लागतं, आणि हुकूम न मिळालेला स्नायू वर्ष-दीड वर्षात कायमचा निकामी होतो. तंतूंचं टोक जिथवर पोचलंय तिथे टिचकी मारली की पुढे मुंग्या येतात. फ्रेंच डॉक्टर टिनेल यांनी 1915 मध्ये वर्णन केलेली ही खूण महिन्यागणिक पुढे सरकत असेल तर काम चालू आहे. दरम्यान सांधे मोकळे ठेवायचे आणि बधिर बोटांना गरम भांड्यापासून जपायचं, कारण भाजल्याचं कळत नाही.

नर्व्ह वेळेत परतलीच नाही तर मदतीला येतं ते पुन्हा टेंडनच. चालू असलेल्या एखाद्या स्नायूचं टेंडन त्याच्या जागेवरून सोडवून निकामी स्नायूच्या कामाला जोडतात. कुष्ठरोगात नर्व्ह मेल्यामुळे वाकड्या झालेल्या बोटांवर सर्जन पॉल ब्रँड यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून हेच केलं. बोटं पुन्हा कामाला लागतात, पकड येते. स्पर्श मात्र या शस्त्रक्रियेने परत येत नाही.