'गाठ' की गुंता? : रक्तवाहिन्यांमुळे येणाऱ्या बहिरेपणाची पार्श्वभूमी

म्हापशाच्या बाजारात कुणी "मेंदूत गाठ आहे" असे म्हटले, की ऐकणारा कर्करोगच समजतो. मेंदूतील सदोष रक्तवाहिन्यांमुळे ज्याचा कान गेला, त्याच्या घरीही याच शब्दाने धास्ती शिरते. या गोंधळाचे मूळ मराठीत नाही. एकोणिसाव्या शतकातील विकृतिशास्त्राने अशा रक्तवाहिन्यांना 'अँजिओमा' म्हटले, आणि त्यातला 'ओमा' हा ट्यूमरचा प्रत्यय कायमचा चिकटला. 1966 साली त्यांचे प्रकार ठरवून त्यांना 'विकृती' म्हणण्याचा आग्रह धरला गेला, तरी तुतीच्या फळासारख्या दिसणाऱ्या प्रकाराला 'कॅव्हर्नोमा' म्हणणे काही सुटले नाही. आपल्याकडे गाठ दोऱ्यालाही पडते. पण धमनी थेट शिरेला जोडली जाते त्या प्रकाराला 'गुंता' हाच शब्द अधिक प्रामाणिक ठरतो, आणि तो रुग्णाला विनाकारण घाबरवतही नाही.

मेंदूच्या रक्तवाहिन्या क्ष-किरणांत प्रथम दिसल्या त्या 1927 साली लिस्बनमध्ये, म्हणजे ज्या राजवटीखाली तेव्हा गोवा होता तिच्याच राजधानीत. मात्र कॅव्हर्नोमातून रक्त इतके संथ वाहते, की तो या तपासणीतून निसटत असे. 1980 च्या दशकात एमआरआय आल्यावर जुन्या रक्तातील लोहाची काळी कडा त्याच्याभोवती उठून दिसू लागली, आणि एका कानाच्या बहिरेपणाचे कारण थेट मेंदूच्या खोडात, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागात, शोधता येऊ लागले. एका कानाचा संदेश खोडातील पहिल्या केंद्रानंतर मेंदूच्या दोन्ही बाजूंना जातो. त्यामुळे एकच कान बंद झाला तर दोष बहुधा त्या केंद्रात किंवा कान आणि ते केंद्र यांच्या दरम्यानच असतो.

दोन्ही कान वर्षानुवर्षे हळूहळू मंदावतात, ती गोष्ट निराळी. मेंदूभोवतीच्या द्रवात थोडे थोडे रक्त झिरपत राहिले, तर त्यातील लोह श्रवणाच्या आठव्या मज्जातंतूवर बसते. सुपरफिशियल सिडेरोसिस नावाच्या या विकाराचे वर्णन 1908 सालचे असले, तरी एमआरआय येईपर्यंत त्याचे निदान बहुधा शवविच्छेदनातच होई. जिवंतपणी त्याला 'वयाचे बहिरेपण' समजणे सोपे होते.

मेंदूच्या आवरणात, कानामागे धमनी आणि शीर यांची चुकीची जोडणी झाली, तर नाडीच्या ठोक्याबरोबर कानात धकधक ऐकू येते, आणि कधीकधी डॉक्टरांनाही ती कानामागे स्टेथोस्कोप ठेवून ऐकता येते. अशी जोडणी हल्ली कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीत सरकवलेल्या बारीक नळीने, आतून बंद करता येते, आणि ती पुरती बंद झाली की आवाज थांबतो. मज्जातंतूवर बसलेले लोह काढून गेलेले श्रवण परत आणण्याचा तितका खात्रीचा उपाय नाही.