‘दो आँखें बारह हाथ’ आणि ख्रिस्ताचा शोध: लोकप्रिय कथा-चित्रपटांच्या ख्रिस्ती वाचनाची पार्श्वभूमी

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की पुण्यातल्या काही चर्चच्या युवक मंडळांत सिनेमा पाहून त्यावर बोलायची बैठक ठरते. सिनेमा बायबलवरचाच असतो असं नाही. बरेचदा तो सगळ्या शहराने मल्टिप्लेक्समध्ये आधीच पाहिलेला असतो. जादूची शाळा (‘हॅरी पॉटर’), अंगठी नष्ट करायला निघालेला बुटका (‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’), आभासी जगातून माणसांना जागं करणारा तरुण (‘मॅट्रिक्स’), असं काहीतरी. मग प्रश्न येतो: यात ख्रिस्त कुठे दिसतो? आणि दरवेळी कुणीतरी उठून म्हणतं की हे असलं शोधणं आपलं नव्हे, परदेशी पुस्तिकांतून आलेलं आहे. हे म्हणणं फार तर गेल्या पंचवीस वर्षांपुरतं बरोबर आहे. त्याआधीचा इतिहास बराचसा आपल्याच अंगणात घडला आहे, आणि त्यातला एक निर्णय, 1958 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ला मिळालेला कॅथलिक पुरस्कार, तर आजच्या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे.

लांबचं थोडक्यात. अथेन्सच्या सभेत पौलाने ग्रीक कवींची ओळ उद्धृत करून आपलं म्हणणं मांडल्याचं प्रेषितांच्या कृत्यांत, 17 व्या अध्यायात आहे. परक्या काव्यात आपला देव ओळखण्याचा तो पहिला ठळक दाखला. मराठीत 1616 मध्ये फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ आलं. त्यांनी ओवी आणि पुराणाचा घाट घेतला, कारण ऐकणाऱ्यांच्या कानाला तोच ओळखीचा होता. 1841 मध्ये जॉन बनियनची यात्रेकरूची इंग्रजी ख्रिस्ती रूपककथा मराठीत उतरली, 1857 मध्ये बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आलं. या सगळ्यांत ख्रिस्ती आशय लेखकाने स्वतः घातला होता, तो वाचकाला शोधावा लागत नव्हता. शोधण्याची गोष्ट रेव्हरंड ना. वा. टिळकांपासून सुरू होते. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असं सांगितलं. तुकाराम छुपे ख्रिस्ती होते, असं मात्र ते म्हणाले नाहीत. पूल ज्याचा त्याच्या नावानेच राहिला. ही बारीक मर्यादा पुढे अनेकांच्या हातून सुटली.

सिनेमाच्या बाबतीत तर सुरुवात उलट्या दिशेने झाली. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. तो 1910 चा नाताळ होता की त्यानंतरचा ईस्टर, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण पडद्यावर ख्रिस्त सरकत असताना आपल्या मनाला कृष्ण आणि राम, गोकुळ आणि अयोध्या दिसत होती, हे त्यांनी नंतर स्वतः लिहून ठेवलं आहे. 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यातून उभा राहिला. त्याची उरलेली रिळं आज पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात आहेत. म्हणजे भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेतच एका प्रेक्षकाने दुसऱ्याच्या धर्मकथेत आपला देव पाहिला होता. त्याबद्दल फाळक्यांवर कुणी रुसलं नाही. ख्रिस्ती प्रेक्षकाने हेच उलट बाजूने केलं, तर त्याच्याकडे लगेच संशयाने का पाहावं, हा प्रश्न मला रास्त वाटतो.

1936 साल लक्षात ठेवण्याजोगं आहे. त्या जूनमध्ये पोप पायस अकरावे यांनी सिनेमावर परिपत्रक काढलं. त्यांचा मुख्य सूर इशाऱ्याचा होता. वाईट चित्रपटांपासून श्रद्धावंतांना कसं जपायचं, कुठले चित्रपट पाहावेत नि कुठले टाळावेत, याची व्यवस्था त्यात होती. त्याच वर्षी पुण्यात ‘प्रभात’ने ‘संत तुकाराम’ पूर्ण केला. तो मुंबईच्या एकाच चित्रपटगृहात वर्षभराहून जास्त चालला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसला गौरवला गेला. चर्च चाळणी हातात धरून उभं होतं आणि पुण्यात भक्तीचा जगन्मान्य चित्रपट तयार होत होता, या दोन गोष्टी एका वर्षात घडल्या. इंद्रायणीतून वर आलेल्या वह्या आणि सदेह वैकुंठगमन पाहून ख्रिस्ती प्रेक्षकाला पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण आठवणं स्वाभाविक आहे. आठवण होणं वेगळं आणि तुकोबांना आपल्या रांगेत बसवणं वेगळं. यातला फरक टिळकांनी पाळला होता.

आता त्या निर्णयाकडे येतो. 1957 मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. 1958 च्या बर्लिन महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं, आणि त्याबरोबर आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कारही. ही संघटना 1928 मध्ये स्थापन झाली होती. चित्रपटात एकही ख्रिस्ती पात्र नाही, चर्च नाही, क्रूस नाही. आहे तो एक जेलर. खुनाच्या शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना तो तुरुंगाबाहेर, पडीक जमिनीवर घेऊन जातो. त्यांच्यावर पहारा असतो तो फक्त त्याच्या विश्वासाचा. ते चुकतात, घसरतात, तरी त्याचे डोळे त्यांना सोडत नाहीत. शेवटी त्यांनी पिकवलेल्या शेतावर बैल सोडले जातात आणि त्यांना थोपवताना जेलर जीव गमावतो. कॅथलिक परीक्षकांनी अशा चित्रपटाला आपला पुरस्कार का द्यावा?

पुण्यातल्या बैठकांत याचं उत्तर चटकन मिळतं: जेलर हाच ख्रिस्त. पापी माणसांना आपलं म्हणणारा, त्यांच्यासाठी मरणारा, मेल्यावरही त्यांच्यात राहणारा. मेंढरांसाठी जीव देणाऱ्या उत्तम मेंढपाळाचा, येशूने दिलेला दाखला डोळ्यांसमोर उभा राहतो आणि चर्चा संपते. मला हे उत्तर घाईचं वाटतं, कारण ते कथेच्या मागचं सगळं गाव पुसून टाकतं.

कथा ग. दि. माडगूळकरांची. त्यांचं माडगुळे आटपाडी तालुक्यात, पूर्वीच्या औंध संस्थानात. त्याच भागात 1939 मध्ये औंधच्या राजांनी स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू केली. खुनाचे कैदी कुटुंबासह तिथे शेती करून राहू लागले, भिंती आणि बेड्यांशिवाय. त्यामागे मॉरिस फ्रिडमन होते, पोलंडहून आलेले, ज्यू घरात जन्मलेले, गांधींच्या विचारांनी भारलेले अभियंते. म्हणजे जेलरची ही गोष्ट एका मराठी संस्थानात प्रत्यक्ष राबवलेल्या प्रयोगातून आली. तिच्यात गांधी आहेत, औंधचे पंतप्रतिनिधी आहेत, माणदेशाची कोरडी माती आहे. ‘जेलर म्हणजे ख्रिस्त’ असं समीकरण मांडून थांबलो, की ही सगळी माणसं आणि ती जमीन बाजूला सरते. औंधचे वारसदार, गांधीवादी कार्यकर्ते किंवा माडगूळकरांचे वाचक यावर नाराज झाले तर त्यांची नाराजी योग्य आहे.

पण दुसरी बाजूही मी सोडणार नाही. ज्या गांधींमुळे हे घडलं, त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की येशूचं डोंगरावरील प्रवचन थेट त्यांच्या हृदयाला भिडलं आणि गीतेशी त्याची तुलना करण्याचा मोह त्यांना झाला. त्यातलं ‘दुष्टाला प्रतिकार करू नका’ हे वाक्य दक्षिण आफ्रिकेतून, साबरमतीतून, औंधमधून वळणं घेत पडद्यावरच्या त्या शेतापर्यंत पोचलं आहे. तो प्रवास सरळ नव्हता आणि एकट्या ख्रिस्ती परंपरेचाही नव्हता. तरी तो झाला. पुरस्कार देणाऱ्यांना या चित्रपटात शुभवर्तमानाचा काही अंश जाणवला असेल, तर त्यांनी तो बाहेरून चिकटवला असं म्हणता येत नाही. इतर अनेक प्रवाहांबरोबर तो कथेतच होता. ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ ही या चित्रपटातली प्रार्थना आज कुठल्या कुठल्या धर्माच्या शाळांत म्हटली जाते, हे पाहिलं तर या कथेवर एकाच परंपरेचा हक्क सांगणं किती अवघड आहे ते कळतं.

या पुरस्काराचं मोठेपण असं की तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या रोममधल्या सभेच्या, आधीचा आहे. संपर्कमाध्यमांवरचा परिषदेचा आदेश 1963 चा, आणि त्यावरचं सविस्तर मार्गदर्शन 1971 चं. पहाऱ्याची भाषा मागे पडून संवादाची भाषा पुढे आली ती या दोन दस्तऐवजांतून. चित्रपट परीक्षकांच्या एका मंडळाने ती पाच वर्षं आधी कृतीत आणली होती, आणि तीसुद्धा एका भारतीय चित्रपटाच्या निमित्ताने. पुण्यातल्या ख्रिस्ती लोकांनी याचा अभिमान बाळगायला हवा होता. प्रत्यक्षात ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे.

पुण्यात या सगळ्याला अनुकूल जमीन होती. प्रभातच्या आवारात 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, 1964 मध्ये संग्रहालय आलं, आणि सत्तरच्या दशकापासून दोन्ही मिळून चित्रपट रसास्वादाचे वर्ग चालवू लागले. दुसरीकडे 1955 मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून एक मोठी कॅथलिक सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी संस्था, नगर रस्त्यावर आली होती, आणि 1983 मध्ये यवतमाळहून एक प्रोटेस्टंट सेमिनरी बिबवेवाडीला. सिनेमा बारकाईने पाहायला शिकवणाऱ्या आणि वचन बारकाईने वाचायला शिकवणाऱ्या संस्था एका शहरात असणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. तिचा जेवढा उपयोग व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. चर्चमध्ये चित्रपट म्हणजे ख्रिस्तजीवनपट, आणि तो गावोगाव प्रोजेक्टर नेऊन दाखवायचा, हीच समजूत बराच काळ पक्की राहिली. 1978 चा तेलुगू चित्रपट हिंदीत ‘दयासागर’ म्हणून आला आणि अशा कार्यक्रमांतून अक्षरशः गावागावांत पोचला. त्याने खूप लोकांना ख्रिस्ताची ओळख करून दिली. मात्र त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं, सगळं समोरच होतं.

1995 मध्ये चित्रपटाची शंभर वर्षं साजरी होत असताना व्हॅटिकनने महत्त्वाच्या 45 चित्रपटांची यादी काढली. धर्म, मूल्यं आणि कला असे तीन भाग. मूल्यांच्या भागात गांधींवरचा इंग्रजी चित्रपट आहे, धर्माच्या भागात पाथे कंपनीचा जुना ख्रिस्तपट आहे. भारतीय दिग्दर्शकाचा एकही चित्रपट नाही, 1958 मध्ये कॅथलिक संघटनेनेच गौरवलेलासुद्धा नाही. यादी करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, हे मान्य. पण ही गळती मला बोचते.

1999 नंतर सगळं झपाट्याने बदललं. आभासी जगाचा तो चित्रपट, ‘मॅट्रिक्स’, त्या वर्षी आला, 2001 ते 2003 मध्ये टॉल्किनच्या अंगठीच्या कथेचे तीन भाग, 2005 मध्ये नार्निया. पुण्यात याच काळात मल्टिप्लेक्स उघडली, सीडी स्वस्त झाली, आणि इंग्रजी चर्चांमध्ये या चित्रपटांवरच्या अभ्यासपुस्तिका येऊ लागल्या. कॅम्प, वानवडी, वडगावशेरी भागांतल्या तरुणांना त्या आवडल्या. त्यात एक अडचण होती. या पुस्तिका लेखकांनाच साक्षीला बोलावत. टॉल्किनने 1953 मध्ये जेझुइट या कॅथलिक संन्यासी संघातल्या एका मित्राला लिहिलं होतं की आपली कथा मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे. हे पत्र सगळे उद्धृत करतात. त्याच टॉल्किनने पुढे दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगितलं की रूपककथा आपल्याला मनापासून आवडत नाही, अर्थ कुठे लागू करायचा हे वाचकाच्या स्वातंत्र्यावर सोडावं. ही प्रस्तावना पुस्तिकांत क्वचित दिसते. माझ्या मते दोन्ही विधानं एकमेकांना धरून आहेत: श्रद्धा कथेच्या मुळांत मुरलेली आहे, पण अमुक पात्र म्हणजे अमुक, अशी किल्ली लेखकाने दिलेली नाही.

जादूच्या शाळेच्या पुस्तकांवरून तर घराघरांत भांडणं झाली. काही पाळकांनी ती घरात ठेवू नका म्हटलं. 2007 मध्ये शेवटचं पुस्तक आलं तेव्हा त्यातल्या स्मशानात दोन थडग्यांवर नव्या करारातली दोन वचनं कोरलेली निघाली, एक मत्तयमधलं, एक करिंथकरांस पत्रातलं. ज्यांनी पुस्तक न वाचता बंदी घातली होती त्यांची पंचाईत झाली, आणि ज्यांनी आधीच प्रत्येक पानावर ख्रिस्त पाहिला होता त्यांना जोर चढला. दोन्ही बाजूंनी कथा पुरती ऐकून घेतली होती असं मला वाटत नाही.

मराठी मंडळ्यांत, म्हणजे पेठांतल्या जुन्या चर्चांपासून नगर जिल्ह्यातून येऊन पिंपरी-चिंचवडला वसलेल्या कुटुंबांपर्यंत, या इंग्रजी पुस्तिका फारशा पोचल्या नाहीत. त्यामुळे तिथे बैठक झाली तर प्रश्न स्वतःच तयार करावे लागतात आणि सिनेमाही जवळचे निवडले जातात. 2011 चा ‘देऊळ’ हे चांगलं उदाहरण. गावातल्या साध्या श्रद्धेचा बाजार कसा मांडला जातो हे पाहताना येशूने मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकललं तो प्रसंग कुणालाही आठवेल. पण चर्चा तिथेच थांबली तर शेजाऱ्याच्या देवळाबद्दल बोलून मोकळं होण्याचा धोका असतो. चांगला सूत्रधार लगेच विचारतो, आपल्या सणांचं, आपल्या नोव्हेनांचं (नऊ दिवसांच्या प्रार्थनांचं), आपल्या संस्थांच्या देणग्यांचं काय? तो प्रश्न आला की बैठक खरी सुरू होते.

‘दो आँखें बारह हाथ’ कुणी दाखवणार असेल तर माझी विनंती एवढीच असते, की सिनेमा सुरू होण्याआधी दहा मिनिटं स्वतंत्रपूर, औंध आणि फ्रिडमन यांची माहिती द्यावी, आणि मत्तयचा पाचवा अध्याय, जिथे डोंगरावरील प्रवचन सुरू होतं, सिनेमानंतर वाचावा, आधी नाही.