होल्डिंग स्टेटमेंट म्हणजे आखूड प्रेस नोट नव्हे

कारखान्यात आग लागलेली असते, गेटवर कॅमेरे लागलेले असतात आणि दोन तासांनी कंपनीकडून दीड पानी प्रेस नोट येते. तीत स्थापनेचं वर्ष असतं, पुरस्कार असतात, संचालकांचं मनोगत असतं आणि तिसऱ्या परिच्छेदात कुठेतरी आग असते. नाहीतर तीच नोट कापून चार ओळींची करतात आणि तिला होल्डिंग स्टेटमेंट, म्हणजे पूर्ण माहिती हाती येईपर्यंतचं तात्पुरतं निवेदन, म्हणतात. पहिल्या प्रकाराला बातमीदार हसून सोडून देतात. दुसरा प्रकार कंपनीला महिनोन् महिने भोवतो.

प्रेस नोट सगळ्यांना माहीत आहे: मथळा, मुख्य माहिती, कुणाचं तरी अवतरण, शेवटी कंपनीची ओळख आणि संपर्काचा नंबर. काय झालं, का झालं आणि आता आम्ही काय करणार, याचा पूर्ण खुलासा करायचा असेल तेव्हा ती काढायची. लेटरहेड, लांबी, खाली सही कुणाची, हे फरक वरवरचे आहेत. त्यावर मीटिंगा घेऊ नयेत.

खरा फरक आहे तो वाक्यांच्या पुराव्याचा. प्रेस नोट चौकशीतून निघालेल्या निष्कर्षांवर उभी असते. होल्डिंग स्टेटमेंट निघतं तेव्हा निष्कर्ष नसतातच, त्यामुळे त्यात या क्षणी खात्रीने माहीत असलेलंच लिहायचं. हे वाचायला सोपं वाटतं, पण लिहिताना हमखास सुटतं. नेहमीचा मसुदा असा असतो:

«सकाळी आमच्या प्लांटमध्ये शॉर्टसर्किटमुळे किरकोळ आग लागली. परिस्थिती पूर्ण नियंत्रणात असून कोणीही जखमी नाही. कंपनी सुरक्षेच्या सर्व नियमांचं काटेकोर पालन करते.»

तीन वाक्यांत पाच दावे आहेत. शॉर्टसर्किट हा तपासाचा निष्कर्ष, आणि तपास सुरूच झालेला नाही. किरकोळ की मोठी हे आग विझल्यावर कळेल. नियंत्रणात आहे की नाही, हे सांगायचा अधिकार अग्निशमन दलाचा. कोणी जखमी नाही हे हजेरी पूर्ण होण्याआधी कुणालाच माहीत नसतं. आणि नियम पाळल्याची ग्वाही तर नेमकी त्याच दिवशी देऊ नये, कारण पुढच्या आठवड्यात तपासणीचा एक जुना शेरा बाहेर आला की बातमी आगीची राहत नाही, खोटं बोलल्याची होते. पक्कं होतं ते इतकंच, की सकाळी आग लागली.

तोच मसुदा असा हवा:

«आज सकाळी 10.30 वाजता आमच्या प्लांटच्या पॅकिंग विभागात आग लागली. अग्निशमन दलाचं काम सुरू आहे. इमारत रिकामी केली असून पाळीवरच्या सर्वांची हजेरीपटाशी पडताळणी चालू आहे. दोन कामगारांना रुग्णालयात नेलं आहे; त्यांच्या घरच्यांना कळवलं आहे. कारण अद्याप समजलेलं नाही. पुढची माहिती 12.30 वाजता मुख्य गेटवर देऊ.»

प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: उद्या हे मागे घ्यावं लागू शकेल का? शक्यता असेल तर वाक्य उडवा. «प्राथमिक माहितीनुसार» असं पुढे लावून ते वाचत नाही, कारण टीव्हीच्या पट्टीवर ते शब्द येत नाहीत.

आकडे सगळ्यात घातक. 20 एप्रिल 2010 रोजी डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या रिगवर स्फोट झाला, 11 कामगार गेले. गळतीचा सुरुवातीचा अंदाज दिवसाला 1,000 बॅरल असा जाहीर झाला, काही दिवसांत तो 5,000 झाला. सरकारी शास्त्रज्ञांचा नंतरचा अंदाज सुरुवातीच्या दिवसांसाठी सुमारे 62,000 बॅरलचा होता. गळतीच्या आकड्यांबाबत अमेरिकी काँग्रेसची दिशाभूल केल्याचा गुन्हा ती विहीर खोदून घेणाऱ्या बीपी या तेल कंपनीने 2012 मध्ये कबूल केला. मोजमाप चालू असेल तर «मोजमाप चालू आहे» हेच उत्तर.

«प्रतिक्रिया द्यायची नाही» हे मात्र होल्डिंग स्टेटमेंट नाही. ते लपवाछपवी म्हणूनच वाचलं जातं. आणि «लवकरच कळवू» तर मला अजिबात चालत नाही. घड्याळाची वेळ द्या, आणि नवीन काही नसलं तरी त्या वेळी येऊन तसं सांगा. वेळ चुकली की कॅमेरे शेजाऱ्यांकडे आणि पाळी सुटलेल्या कामगारांच्या मोबाइलमधल्या व्हिडिओंकडे वळतात.

दुःख व्यक्त करायला वकील बरेचदा नको म्हणतात. माणसं जखमी झाल्याचं वाईट वाटणं म्हणजे दोष कबूल करणं नव्हे, ते जरूर लिहा. पण माणसं रुग्णालयात असताना «गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत» लिहिणाऱ्याच्या हातून कीबोर्ड काढून घ्यावा.

हे सगळं तासाभरात जमायचं तर साचा आधीच तयार हवा. आग, अपघात, सदोष माल, डेटाचोरी, प्रत्येकासाठी रिकाम्या जागा सोडलेला एकेक मसुदा वकिलांनी शांत दिवसांत तपासून ठेवलेला असावा. ऐनवेळी मंजुरी दोघांचीच. सहा जणांच्या ईमेल साखळीत पहिला तास जातो. प्रसिद्ध करण्याचा क्रमही ठरलेला असावा: आधी बाधितांचे नातेवाईक, मग कर्मचारी आणि माध्यमं एकाच वेळी. रिसेप्शन आणि सिक्युरिटीकडे एकच वाक्य असावं, की माहिती या नंबरवर मिळेल. फोन करणाऱ्याचं नाव, माध्यम, प्रश्न आणि डेडलाइन त्यांनी वहीत लिहून घ्यावी. त्यापलीकडे एक शब्द नाही, «ऑफ द रेकॉर्ड» तर मुळीच नाही.

प्रेस नोटची वेळ येते ती कारण तपासातून पुढे आल्यावर आणि बाधितांसाठी काय करणार हे ठरल्यावर. कधी दोन दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. तोवर होल्डिंग स्टेटमेंटच्या नव्या आवृत्त्या निघत राहतात, प्रत्येकीवर वेळ घालून. जुनी आवृत्ती वेबसाइटवरून गुपचूप काढू नका किंवा बदलू नका, तिचे स्क्रीनशॉट कधीच निघालेले असतात. चूक झाली असेल तर खाली नवी वेळ घालून दुरुस्ती लिहा, आणि आधी काय म्हटलं होतं तेही तिथेच राहू द्या.