नंबर काढून दिल्याचे पैसे का मिळत नाहीत? स्वतंत्र ऑप्टोमेट्री क्लिनिकमागची पार्श्वभूमी

ऑप्टोमेट्रीची, म्हणजे डोळे तपासून नंबर काढायची, डिग्री घेऊन स्वतःचं क्लिनिक टाकायचं म्हणणाऱ्या पोरापोरींचे प्रश्न ठरलेले असतात. जागा किती लागेल, स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून बघायचं मशीन) नवा घेऊ का सेकंडहँड, काचा कोणत्या लॅबकडून मागवू, आणि मग जरा आवाज बारीक करून, तपासणीची फी लावली तर चालेल का? पहिल्या तीन प्रश्नांना उत्तर देणारे शंभर लोक भेटतात, चौथ्याला सगळे "मार्केट बघून ठरव" म्हणून मोकळे होतात. आणि माझ्या मते घोडं नेमकं तिथेच पेंड खातंय. भाडं, मशीनचा हप्ता, स्टाफचा पगार हे सगळं शेवटी फ्रेम आणि काचांच्या मार्जिनमधून काढायचं असेल तर तुम्ही चार वर्षं शिकलात काय आणि शेजारचा गॉगलवाला न शिकता बसलाय काय, हिशोबाच्या वहीत दोघं सारखेच. हे असं का झालं ते बघायचं तर बरंच मागे जावं लागतं.

चार्ल्स प्रेंटिस हे नाव या फील्डमधल्या प्रत्येकाला माहीत असतं कारण प्रेंटिस रूल परीक्षेला येतोच, काचेचा सेंटर बुबुळासमोरून जितके सेंटीमीटर सरकला गुणिले काचेची पॉवर म्हणजे किती प्रिझम तयार झाला, म्हणजे काचेतून दिसणारं चित्र किती बाजूला सरकलं. चार डायऑप्टरची काच पाच मिलीमीटर सरकली की दोन प्रिझम, म्हणजे पीडी (दोन बुबुळांमधलं अंतर) नीट मोजली नाही तर बरोबर नंबरचा चष्मासुद्धा डोकं दुखवतो. पण या माणसाची दुसरी गोष्ट वर्गात फारशी कुणी सांगत नाही. न्यूयॉर्कचा हा ऑप्टिशियन, शिक्षणाने इंजिनिअर, वडील पण चष्म्याच्याच धंद्यात. १८९२ साली त्याने एका पेशंटचे डोळे तपासले, पुढच्या तपासणीसाठी हेन्री नॉयस नावाच्या मोठ्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं आणि स्वतःच्या तपासणीचे तीन डॉलर घेतले. चष्म्याचे नाही, तपासणीचे. नॉयसनी पत्र पाठवून आक्षेप घेतला, फी घेणं हे डॉक्टरांचं काम, तू चष्मे विक. प्रेंटिस गप्प बसला नाही. १८९६ मध्ये राज्यातल्या ऑप्टिशियनांची संघटना उभी राहिली, कायद्यासाठी भांडण सुरू झालं, मधल्या काळात मिनेसोटा राज्याने १९०१ मध्येच पहिला ऑप्टोमेट्री कायदा करून टाकला आणि न्यूयॉर्कला तो १९०८ मध्ये मिळाला. तीन डॉलरपासून सुरू झालेलं भांडण सोळा वर्षं चाललं, पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली की डोळे तपासणं हे स्वतंत्र काम आहे, त्याला लायसन्स लागतं आणि त्याचे पैसे वेगळे असतात. पुढे १९७८ मध्ये तिथे नियम आला की तपासणी झाली की नंबरचा कागद पेशंटच्या हातात द्यायचा, चष्मा तो कुठूनही करेल.

आपल्याकडे हे भांडण झालंच नाही.

इथे धंदा सुरू झाला तो दुकानातून. लॉरेन्स अँड मेयो १८७७ ची, साहेबांच्या काळातली, आणि मग शहराशहरात घरगुती ऑप्टिकल्सची दुकानं. बाप गल्ल्यावर, मुलगा मागे काचा घासतोय, नंबर काढायला तोच बापाकडून शिकलेला. माल मुंबईत काळबादेवी-प्रिन्सेस स्ट्रीटच्या होलसेलवाल्यांकडून, नाहीतर दिल्लीच्या बल्लीमारानमधून. ह्या होलसेलवाल्याची उधारी हाच स्वतंत्र दुकानाला मिळालेला पहिला सपोर्ट, बाकी बँक नाही, संघटना नाही, काही नाही. माल आधी, पैसे नंतर, त्यावर कितीतरी दुकानं उभी राहिली आणि मुलं शिकून मोठी झाली, त्याला कमी लेखायचं काहीच कारण नाही. पण उधारीवर उभा राहिलेला धंदा फ्रेम विकूनच फिटणार ना.

जुन्या ऑप्टिकल्सचं पावती पुस्तक कधी हातात आलं तर नीट बघा. वर नाव, तारीख, मग उजव्या-डाव्या डोळ्याचे चौकोन, एसपीएच, सीवायएल, ॲक्सिस, खाली जवळचा नंबर. त्याखाली फ्रेम, काचा, एकूण, ॲडव्हान्स, बाकी. झालं. ज्या चौकोनातले आकडे काढायला सगळ्यात जास्त डोकं आणि वेळ गेला त्याच्यासमोर रकमेचा रकानाच नाही. आणि बाहेर पाटी काय, तर "संगणकाद्वारे मोफत नेत्र तपासणी". म्हणजे ऑटोरिफ्रॅक्टोमीटरवर हनुवटी टेकवली, मशीनने चिठ्ठी दिली की तपासणी संपली असा लोकांचा समज आपणच करून दिला. लहान मुलाचं रेटिनोस्कोपी (डोळ्यात प्रकाश टाकून हाताने नंबर काढणं) ज्यांनी केलंय त्यांना विचारा, मूल एका जागी बसत नाही, नजर दूर ठेवत नाही, आई मागून "बघ बघ काकांकडे बघ" म्हणतेय आणि नेमकं काकांकडे बघायचं नसतं, तिथे मशीनच्या चिठ्ठीवर काचा बनवल्या तर मायनस जास्त जाऊ शकतो.

शिक्षण आलं ते दुसऱ्याच दारातून. १९५८ मध्ये, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, अलीगढचं गांधी आय हॉस्पिटल आणि हैदराबादचं सरोजिनी देवी आय हॉस्पिटल इथे दोन वर्षांचे डिप्लोमा सुरू झाले. देशाला डोळ्यांच्या डॉक्टरांना मदत करणारी माणसं हवी होती आणि तेव्हा ते बरोबरच होतं, १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आल्यावर ही गरज आणखी वाढली. पण त्यामुळे झालं असं की शिकलेला माणूस हॉस्पिटलच्या रिफ्रॅक्शन रूममध्ये, म्हणजे नंबर काढायच्या खोलीत, बसला आणि दुकानात न शिकलेला. १९८५ मध्ये चेन्नईला शंकर नेत्रालयने एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री काढलं आणि चार वर्षांची डिग्री आली, डॉक्टर बद्रीनाथांच्या पुढाकाराने, मग हैदराबादला एल व्ही प्रसादचं स्कूल, आपल्याकडे मुंबईत लोटस, पुण्यात भारती विद्यापीठ. क्लिनिकल शिक्षण उत्तम झालं, बायनॉक्युलर व्हिजन (दोन्ही डोळ्यांनी मिळून बघणं), लो व्हिजन (चष्म्यानेही न सुधारणारी कमी नजर), कॉन्टॅक्ट लेन्स सगळं. पण क्लिनिक चालवायचं कसं, भाडेकरार कसा वाचायचा, स्टॉकमध्ये किती पैसे अडकवायचे, पेशंटला सहा महिन्यांनी परत कसं बोलवायचं, हे जवळजवळ नाहीच. हॉस्पिटलसाठी घडवलेल्या अभ्यासक्रमात ते येणार तरी कुठून?

मग चेन आल्या. टायटनने २००७ मध्ये चष्म्यांची दुकानं काढली, २०१० मध्ये लेन्सकार्ट सुरू झाली, आणि नव्या पासआउट मुलांना पगारी नोकऱ्या मिळायला लागल्या हे चांगलंच झालं. पण मोफत तपासणी जी आधी गल्लीतल्या दुकानाची सवय होती ती आता कॉर्पोरेट जाहिरातीत गेली. चेनला ते परवडतं, काचा आणि फ्रेम ठोकात घेतात, बऱ्याचदा स्वतःच बनवतात, तपासणी हा त्यांच्यासाठी ग्राहक आणण्याचा खर्च असतो. एकट्या क्लिनिकला तोच खेळ खेळायला लावणं म्हणजे त्याला मारणं आहे, आणि माझा खरा राग याच गोष्टीवर आहे की सपोर्टच्या नावाखाली बहुतेक सल्ले नेमके हाच खेळ खेळायला सांगतात. डिस्काउंट लावा, एकावर एक फ्री द्या, इन्स्टावर रील टाका.

सपोर्ट देतं कोण हेही बघायला हवं. उधारीवाल्या होलसेलरच्या जागी हळूहळू काचा बनवणाऱ्या कंपन्या आल्या. प्रोग्रेसिव्ह (दूरचं-जवळचं एकाच काचेत) काचांचं ट्रेनिंग, डिस्प्ले, वर्षाचं टार्गेट पूर्ण केलं तर मशीन नाहीतर ट्रिप. ट्रेनिंग कित्येकदा खरंच चांगलं असतं, मी नाही म्हणणार नाही, पण ते शेवटी काच विकायचं ट्रेनिंग असतं. अमेरिकेत हाच प्रवास एक पाऊल पुढे गेलेला दिसतो. तिथल्या स्वतंत्र ऑप्टोमेट्रिस्टांनी एकत्र खरेदी करावी, धंद्याचं मार्गदर्शन मिळावं म्हणून १९९१ मध्ये व्हिजन सोर्स नावाचं नेटवर्क सुरू झालं आणि २०१५ मध्ये ते काचांच्या सगळ्यात मोठ्या कंपनीने, एसिलोरने, विकत घेतलं. नेटवर्क चालू राहिलं, फायदेही राहिले, फक्त एकट्यांना एकत्र बांधणारी दोरी पुरवठादाराच्या हातात गेली. आपल्याकडे तालुक्यातल्या चार-पाच क्लिनिकनी मिळून लॅबशी दर ठरवणं, काच फ्रेमच्या आकारात कापणारं एकच एजिंग मशीन वाटून वापरणं असं काही कुणी करत असेल तर ते फार मोलाचं आहे, कारण दोरी त्यांच्याच हातात राहते.

कंपनीशी न बांधलेला आधार अगदीच नाही असंही नाही. २०११ मध्ये सुरू झालेली इंडिया व्हिजन इन्स्टिट्यूट वर्कशॉप घेते, स्क्रीनिंग कॅम्प करते. पैशांसाठी २०१५ पासून मुद्रा लोन आहे, तरुण गटात १० लाखांपर्यंत, साधा ट्रायल सेट (नंबर बघायच्या काचांची पेटी), रेटिनोस्कोप, स्लिट लॅम्प, लेन्सोमीटर (काचेचा नंबर मोजायचं यंत्र) एवढ्यावर सुरुवात करायची तर पुरेसं. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यामुळे गुमास्त्याचं, म्हणजे दुकान नोंदणीचं, काम नुसत्या ऑनलाइन सूचनेवर होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये फ्रेम आणि नंबरच्या काचांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला.

पण सगळ्यात मोठी गोष्ट २०२१ ची. त्या वर्षी मार्चमध्ये अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या, म्हणजे डॉक्टरांखेरीज आरोग्याचं काम करणाऱ्यांच्या, राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि त्याच्या यादीत ऑप्टोमेट्रिस्टचं नाव आहे. हेल्थकेअर प्रोफेशनल म्हणवून घ्यायला किमान ३६०० तासांचं डिग्री शिक्षण पाहिजे, राज्यात कौन्सिल पाहिजे, रजिस्टर पाहिजे. मिनेसोटानंतर १२० वर्षांनी का होईना. अंमलबजावणी इतकी रखडली की ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाला केंद्र आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. रजिस्टर नीट चालू झालं की "मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे" या वाक्यामागे कायद्याचं पाठबळ येईल, बँकेच्या मॅनेजरसमोर, शाळेच्या मुख्याध्यापकांसमोर, रेफर करणाऱ्या डॉक्टरांसमोर सुद्धा.

आणि काम तर कमी पडणारच नाहीये. ब्रायन होल्डन आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अंदाजानुसार २०५० पर्यंत जगातल्या निम्म्या लोकांना मायोपिया, म्हणजे लांबचं अंधुक दिसणं आणि मायनस नंबर, असेल. मुलाचा मायनस दरवर्षी वाढतोय म्हणून धास्तावलेल्या आईवडिलांना फ्रेम नको असते, त्यांना दर सहा महिन्यांनी डोळ्याची लांबी मोजणारा, आलेख दाखवणारा, समजावून सांगणारा माणूस हवा असतो. या कामात विकायला फारसं काही नसतं, असते ती तपासणीच. तेव्हा जे आता क्लिनिक टाकतायत त्यांनी नवीन पावती पुस्तक छापताना तपासणीचा रकाना पहिला टाका, रक्कम गाव बघून ठरवा, शंभर असेल तर शंभर, आणि पेशंट चष्मा दुसरीकडून करणार असला तरी नंबरचा कागद पीडीसकट सही करून त्याच्या हातात द्या.