आधी नळी, मग नाव: वापरलेली ठासणीची बंदूक घेताना

जुनी ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची बंदूक हातात आली की बहुतेक माणसं आधी नळीवर कोरलेलं नाव वाचायला जातात. मी आधी नळीत गज सोडतो. बंदूक कोणी बनवली आणि कधी बनवली हे प्रश्न मलाही आवडतात, पण त्यांना थोडं थांबता येतं. आत बार, म्हणजे दारू आणि गोळी, भरलेला आहे की नाही, हा प्रश्न थांबू शकत नाही.

तपासणी साधी आहे. घोडा पाडलेला असावा, निपलवर, म्हणजे घोड्याखालच्या पोकळ खुंटीवर, ठोक्याने पेटणारी टोपी नसावी, नळीचं तोंड कुणाकडेही नसावं आणि आपला चेहरा व हात नळीच्या रेषेबाहेर असावेत. मग पितळी गज अलगद आत सोडायचा. रिकाम्या नळीच्या बुडाला तो टेकला की खणखणीत आवाज येतो. खाली शिशाची गोळी असेल तर बद्द वाजतं. नुसत्या कानावर मात्र विसंबू नये. गज तळाला टेकलेला असतानाच नळीच्या तोंडाशी त्यावर पेन्सिलीने रेघ मारावी, गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून तसाच धरावा आणि त्याचं टोक कुठवर पोचतं ते पाहावं. टोक निपलच्या किंवा कानाच्या, म्हणजे ठिणगी आत जाते त्या भोकाच्या, जवळ आलं तर नळी रिकामी. काही बंदुकांत दारूची कोठी नळीपेक्षा अरुंद असते, तिथे गज बोटभर आधी थांबतो. पण दोन-तीन बोटांची तूट दिसली तर आत दारू आणि गोळी आहे असंच धरून चालावं.

हा फाजील सावधपणा नाही. सोरा, कोळसा आणि गंधक ही काळ्या दारूची तिन्ही द्रव्यं कोरड्या जागी वर्षानुवर्षं तशीच राहतात. आजोबांनी भरून ठेवलेला बार नातवाच्या हातात उडू शकतो. ओली केलेली दारूही वाळली की पुन्हा पेट घेऊ शकते. म्हणून भरलेली नळी सापडली तर ती तापवणं, तिला भोक पाडणं किंवा 'उडवून बघू' म्हणणं, यांतलं काहीही करू नये. ती जाणत्या बंदूक-कारागिराकडे द्यावी.

नळी रिकामी आहे याची खात्री पटली की ओळख पटवायला खरी मजा येते. सुरुवात चापाजवळच्या कळीपासून, म्हणजे बार पेटवणाऱ्या यंत्रणेपासून करावी. घोड्याच्या जबड्यात चकमकीचा दगड आणि बाजूला रंजकाची, म्हणजे पेटवणीच्या दारूची, छोटी वाटी असेल तर ती चकमकीची बंदूक. घोडा पोकळ तोंडाचा असेल आणि खाली निपल असेल तर ती टोपीची. घोडा बाहेर दिसतच नसेल आणि ठिणगी नळीच्या सरळ मागून जात असेल तर ती अलीकडची. हा सरळ रेषेतला प्रकार १९८५ मध्ये अमेरिकेतल्या टोनी नाइट यांच्या बंदुकीमुळे शिकाऱ्यांत रुळला.

चकमकीच्या बंदुकीत ठिणगी दगडातून निघते असा सर्रास समज आहे. खरं तर जळतं ते पोलाद. दगडाची धार पोलादी पट्टीवरून घासत जाते, बारीक कीस निघतो आणि घर्षणाने तापलेला तो कीस हवेत जळतो. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्लिश शास्त्रज्ञाने अशा ठिणग्या कागदावर गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा त्याला वितळून गोल झालेले धातूचे चिमुकले थेंब दिसले. त्यामुळे चकमकीची वापरलेली बंदूक घेताना दगडाची काळजी करू नये, तो बदलता येतो. पट्टी बघावी. तिच्यावर खोल चर पडले असतील किंवा तिचा कडकपणा गेला असेल तर नवा दगड लावूनही ठिणग्या मरतुकड्याच पडतात.

टोपीच्या बंदुकीमागची गोष्ट मला फार आवडते. अलेक्झांडर फोर्साइथ हे स्कॉटलंडमधले पाद्री होते आणि त्यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजकाचा भपका दिसताच पक्षी बुडी मारत आणि गोळी पोचेपर्यंत जागा रिकामी झालेली असे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी ठोक्याने पेटणारं रसायन वापरलं आणि १८०७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढच्या दोनेक दशकांत ते रसायन तांब्याच्या टोपीत बसलं, आणि रंजकाची वाटी शिकारी बंदुकीवरून हळूहळू गेली.

आता नळीवरचे ठसे. नावापेक्षा मी त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवतो, कारण नाव कोणीही कोरू शकतं. लंडनच्या बंदूक-कारागिरांच्या मंडळाला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं चाचणीघर १८१३ मध्ये कायद्याने उभं राहिलं. अशा ठिकाणी नळीत मुद्दाम जास्त दारू भरून बार काढत आणि टिकलेल्या नळीवर मुकुटाचा ठसा मारत. बाजारात वापरलेल्या म्हणून येणाऱ्या बऱ्याच बंदुका मात्र जुन्या नसतात, जुन्या धर्तीवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बनवलेल्या असतात. त्यांतल्या इटालियन नळ्यांवर 'पीएन' ही अक्षरं दिसतात, म्हणजे काळ्या दारूवर केलेली चाचणी. शेजारी वर्षाची खूण असते: १९७४ पर्यंत रोमन आकडा, १९७५ पासून अक्षरांची जोडी. 'एए' म्हणजे १९७५, 'एबी' म्हणजे १९७६. शंभर वर्षांपूर्वीची म्हणून दाखवलेल्या बंदुकीवर ही जोडी सापडली की तिच्या वयाचा वाद तिथेच मिटतो.

यानंतर नळीच्या आत बघायचं. बारीक दिवा तळाशी सोडला की आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पिळदार खाचा, उजळतात. वरवरचा तांबूस गंज पुसून जातो, पण तळाजवळ खड्डे पडले असतील तर ते जातात कुठे! आणि सगळ्यात जास्त दाब तिथेच असतो. मग घट्ट चिंधी गुंडाळलेला गज तोंडापासून बुडापर्यंत एकसारखा ढकलावा. मध्येच हात अचानक सैल पडला आणि पुन्हा घट्ट झाला, तर त्या जागी नळी आतून कड्यासारखी फुगलेली आहे. कधीतरी कोणीतरी गोळी पुरती खाली न ठासता बार काढलेला असतो. दारू आणि गोळी यांच्यात मोकळी जागा राहिली की पुढे झेपावणारा वायू थांबलेल्या गोळीवर आदळतो आणि त्या ठिकाणी दाब एकदम चढतो. अशी नळी भिंतीवर शोभते, खांद्याला लावू नये.

त्याच चिंधीच्या गजाने आट्यांचा पीळही मोजता येतो. यासाठी मूठ मोकळी फिरणारा गज हवा. गजावर वरच्या बाजूला खूण करायची, तो आत ढकलायचा आणि खूण फिरत फिरत कुठे येते ते बघायचं. २४ इंचात अर्धा फेरा झाला तर पीळ ४८ इंचाला एक फेरा. हा आकडा बंदूक कशासाठी बनली ते सांगतो. चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीला स्थिर राहायला सावकाश फिरकी पुरते, म्हणून तिच्या नळीचा पीळ ६० किंवा ६६ इंचाला एक असा सैल असतो. लांबट गोळीला वाटेत कोलांटी मारायची ओढ असते, तिला जोराची फिरकी लागते, म्हणून नव्या बंदुकांत २८ इंचाला एक असा घट्ट पीळ दिसतो. ४८ हा मधला मार्ग. १९७० साली बाजारात आलेल्या, थॉम्पसन/सेंटर या अमेरिकी कंपनीच्या हॉकन बंदुकीत तोच आहे. 'ही बंदूक नेमच धरत नाही' म्हणून विकायला काढलेली बंदूक कित्येकदा निर्दोष असते, तिला फक्त चुकीच्या आकाराची गोळी खाऊ घातलेली असते.

निपलकडे दुर्लक्ष करू नये. काही देशांतल्या बंदुकांच्या निपलला ६ मिलिमीटरचे स्क्रूचे आटे असतात, तर काहींना पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे. फरक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाचा. बारीक निपल मोठ्या भोकात थोडं फिरतं, बसल्यासारखंही वाटतं, आणि बाराच्या दाबाने मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे उडू शकतं. घोडाही अर्ध्यावर चढवून, चाप दाबून पाहावा. अर्ध्या खाचेतून तो निसटला तर दुरुस्तीआधी बंदुकीत दाणाही घालू नये.

दारूच्या बाबतीत मी हट्टी आहे. काळी दारू किंवा तिच्या जागी वापरायला बनवलेली पर्यायी दारूच घ्यायची, आणि किती भरायची ते निर्मात्याच्या पुस्तिकेतूनच घ्यायचं. काळी दारू कणाच्या पृष्ठभागावरून जळते आणि दाब वाढला तरी तिचा वेग फारसा चढत नाही. आजच्या काडतुसांतल्या बिनधुराच्या दारूचं वागणं वेगळं: दाब वाढला की ती आणखी भराभर जळते, त्याने दाब आणखी वाढतो, आणि हे चक्र जुन्या नळीच्या ताकदीपलीकडे जायला क्षणाचा छोटासा अंशही पुरतो. थोडीशी घातली तर चालेल, असं यात काही नसतं. शिवाय दारू डब्यातून थेट नळीत कधी ओतू नये. मागच्या बाराची एखादी ठिणगी आत जागी असेल तर पेट डब्यापर्यंत येतो. आधी मापात घ्यावी, मग नळीत.

कारागिराने पास केलेल्या बंदुकीचा पहिला बारही मी खांद्याला लावून काढणार नाही. घट्ट बांधून, दुरून दोरीने चाप ओढावा. पुढे टोपी फुटली आणि बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान मिनिटभर थांबावं, कारण दारू आत धुमसत असू शकते. अंतराचाही अंदाज हवा. अर्ध्या इंचाच्या नळीतली गोल गोळी साडेअकरा ग्रॅमची असते, आणि गोल आकार हवेला फार अडतो. सेकंदाला ५०० मीटरने निघालेली गोळी नव्वदेक मीटरवर जेमतेम तीनशेवर येते, म्हणजे तिची ऊर्जा एक-तृतीयांशाच्या आसपास उरते. त्यापुढे जनावर मरत नाही, जखमी होऊन पळतं. कायद्याने शिकारीला मुभा असलेल्या ठिकाणीसुद्धा हे अंतर ओलांडायचा कुणाला अधिकार नाही असं मी मानतो.

आणि साफसफाई त्याच दिवशी. १८७० च्या दशकात अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या ब्रिटिश संशोधकांनी बंद पोलादी भांड्यात काळी दारू जाळून मोजमाप केलं, तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपात मागे राहिलेला आढळला. तो बहुतांश पोटॅशियमचे क्षार. ते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि पोलाद खातात. क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात, म्हणून गरम साबणपाण्याने नळी धुवावी, पूर्ण कोरडी करावी आणि मगच तेलाचा हात फिरवावा. दुसऱ्या दिवशी एक पांढरी चिंधी पुन्हा आत फिरवून बघावी. ती तपकिरी होऊन बाहेर आली तर पाणी पुन्हा तापवायला ठेवावं.